चर्च ऑफ इंग्लंडच्या माध्यमिक शाळेत मुलांचा प्रवेश : कोकणातून जाणाऱ्या पालकांसाठी

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातून नोकरीसाठी इंग्लंडला जाणाऱ्या परिचारिकांच्या, अभियंत्यांच्या कुटुंबांना तिकडे घर मिळाले की लगेच मुलांच्या शाळेचा शोध सुरू करावा लागतो, आणि घराजवळची नावाजलेली शाळा चर्च ऑफ इंग्लंडची (इंग्लंडच्या अधिकृत अँग्लिकन पंथाची) निघाली तर पुष्कळसे पालक तिचे नाव यादीतून आपणहून खोडून टाकतात. काहींना वाटते, ही ख्रिस्ती मुलांचीच शाळा असणार. काहींना वाटते, आपल्याकडच्या कॉन्व्हेंटप्रमाणे ती भरमसाट फी आणि देणगी मागणार. हे दोन्ही समज चुकीचे आहेत आणि त्यांच्यापायी मुलांची चांगली संधी हकनाक जाते, म्हणून या प्रवेशाची रीत येथे सविस्तर देत आहे. खालील नियम इंग्लंडपुरते आहेत. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांची शिक्षणव्यवस्था वेगळी आहे.

ही शाळा नेमकी कशी असते

चर्च ऑफ इंग्लंडच्या शाळा सरकारी शाळांच्या शेजारी उभ्या केलेल्या खासगी संस्था नव्हेत. या चर्चने गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढण्याकरिता 1811 साली नॅशनल सोसायटी स्थापन केली, तेव्हा सरकारच्या शाळा मुळात नव्हत्याच. त्यांची पायाभरणी 1870 च्या कायद्याने झाली. पुढे 1944 च्या शिक्षण कायद्याने चर्चच्या शाळांना सरकारी खर्चाच्या व्यवस्थेत सामावून घेतले. आज अशा साडेचार हजारांहून अधिक शाळा आहेत, पण त्यांत प्राथमिक शाळाच बहुसंख्य आहेत. माध्यमिक शाळा त्या मानाने थोड्या असल्यामुळे त्यांच्यातील जागांना मागणी मोठी असते.

या माध्यमिक शाळा बहुधा ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ असतात. ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ म्हणजे प्रवेशपरीक्षा न घेता सर्व प्रकारच्या मुलांना घेणारी शाळा. पूर्वी अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन हुशार मुले ग्रामर शाळेत आणि बाकीची दुसरीकडे पाठवण्याची पद्धत होती. 1965 साली सरकारने परिपत्रक काढून ही विभागणी संपवण्याची विनंती स्थानिक संस्थांना केली आणि त्यानंतर बहुतेक शाळा कॉम्प्रिहेन्सिव्ह झाल्या. काही जिल्ह्यांत ग्रामर शाळा अजूनही आहेत, त्यांची परीक्षा वेगळी द्यावी लागते. कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळेसाठी मुलाला शिकवणी लावून तयार करण्याची काहीच गरज नाही.

दापोलीच्या परिसरातील वाचकांना तर ही शाळा अगदी परकी वाटण्याचे कारण नाही. दापोलीची जुनी मिशन हायस्कूल ज्या एस. पी. जी. मिशनची होती, ती संस्था 1701 साली चर्च ऑफ इंग्लंडनेच स्थापन केलेली होती. धर्मशास्त्राचे थोर अभ्यासक भारतरत्न पां. वा. काणे त्या शाळेत शिकले आणि साने गुरुजीही तेथेच शिकले. चर्चच्या शाळेत शिकल्याने घरचा धर्म सुटतो, या भीतीला कोकणाने आपल्या दोन विद्यार्थ्यांच्या रूपाने केव्हाच उत्तर दिलेले आहे.

आधी व्हिसा आणि वय

मूल पालकाच्या व्हिसावर आश्रित म्हणून कायदेशीरपणे राहात असेल, तर त्याला सरकारी खर्चाच्या शाळेत विनाशुल्क शिकण्याचा हक्क आहे आणि त्याच्या नागरिकत्वावरून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. पर्यटक व्हिसावर आजी-आजोबांसोबत आलेल्या मुलाला मात्र या शाळेत घालता येत नाही. रुग्णालयातील नोंदणीकृत परिचारिकांना आपली मुले सोबत नेता येतात. परंतु 11 मार्च 2024 पासून नव्याने अर्ज करणाऱ्या केअर वर्करना आश्रितांना नेण्याची मुभा उरलेली नाही. एजंट काहीही सांगत असला, तरी हे सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः पाहूनच पुढचे पाऊल टाकावे.

तिकडे मुलाची इयत्ता वयावरून ठरते. येथे कितवी उत्तीर्ण केली, याला फारसे महत्त्व नसते. माध्यमिक शाळा ‘इयर सेव्हन’पासून सुरू होते आणि 31 ऑगस्टपर्यंत अकरा वर्षे पूर्ण झालेले मूल त्या सप्टेंबरमध्ये तिथे जाते. उदाहरणार्थ, 1 सप्टेंबर 2015 ते 31 ऑगस्ट 2016 या काळात जन्मलेली मुले सप्टेंबर 2027 मध्ये इयर सेव्हनमध्ये बसतील. आपल्याकडे ती तेव्हा बहुधा सहावीत असतील. इंग्रजी कच्चे आहे म्हणून एक वर्ष मागे बसवा, अशी विनंती पालक करतात, पण ती क्वचितच मान्य होते आणि माझ्या मते करूही नये. समवयस्क मुलांत राहून भाषा लवकर येते, आणि इंग्रजी ही ज्यांची घरची भाषा नाही अशा मुलांना शाळा जादा मदत देते.

प्रवेश-धोरण हाच खरा नकाशा

प्रत्येक शाळेला दरवर्षी आपले प्रवेश-धोरण प्रसिद्ध करावे लागते. ते शाळेच्या संकेतस्थळावर असते, सहसा काही पानांचेच असते आणि कंटाळवाण्या कायदेशीर भाषेत लिहिलेले असते. तरीही पालकांनी ते शब्दन्‌शब्द वाचावे, कारण व्हॉट्‌सॲपच्या गटांवर मिळणारी माहिती शेजारच्या गावातील वेगळ्याच शाळेची असू शकते. एका चर्चच्या शाळेचा नियम दुसरीला लागू पडत नाही.

वाचताना पहिली गोष्ट पाहावी ती म्हणजे शाळेचा प्रकार. ‘व्हॉलंटरी कंट्रोल्ड’ शाळेचे प्रवेश स्थानिक कौन्सिल (तिथली स्थानिक स्वराज्य संस्था) ठरवते, ‘व्हॉलंटरी एडेड’ शाळेचे प्रवेश तिचे नियामक मंडळ ठरवते आणि ‘अकॅडमी’ असेल तर ती चालवणारा ट्रस्ट ठरवतो. एडेड शाळांत आणि अकॅडमींत धार्मिक निकष असण्याचा संभव अधिक.

दुसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे आणि ती न कळल्यामुळेच पालक मागे फिरतात. धर्माचा निकष शाळेला केवळ अर्ज जागांपेक्षा जास्त आले तरच लावता येतो. जागा शिल्लक असेल, तर हिंदू, मुसलमान, बौद्ध किंवा कोणताच धर्म न मानणाऱ्या घरातील मुलालाही धर्मावरून परत पाठवता येत नाही. अर्ज जास्त आले तरीही अनेक शाळा आपल्या जागांचे दोन भाग करतात: एक चर्चला नियमित जाणाऱ्या कुटुंबांसाठी आणि दुसरा परिसरातील सर्वांसाठी खुला. या खुल्या जागा किती आहेत आणि त्या अंतरावरून ठरतात की भावंड आधीपासून शाळेत असण्यावरून, हे धोरणात लिहिलेले असते. काही धोरणांत इतर धर्मांच्या नियमित उपासकांसाठीही थोडे प्राधान्य असते. तसे असेल तर जवळच्या मंदिराच्या विश्वस्तांचे पत्र कामी येऊ शकते.

क्रम साधारण असा लागतो. ज्या मुलाच्या विशेष गरजांच्या अधिकृत आराखड्यात त्या शाळेचे नाव आहे, त्याला प्रवेश द्यावाच लागतो. त्यानंतर पालकांऐवजी कौन्सिलच्या देखरेखीत वाढणारी किंवा पूर्वी तशी वाढलेली मुले येतात आणि मग भावंडे, चर्चची हजेरी, ठरावीक प्राथमिक शाळांतून येणारी मुले, घरापासूनचे अंतर यांचा क्रम प्रत्येक शाळा आपापल्या धोरणानुसार लावते. गेल्या वर्षी खुल्या जागांतील शेवटचे मूल किती अंतरावरचे होते, हा आकडा अनेक कौन्सिले प्रसिद्ध करतात. भाड्याने घर घेण्यापूर्वी तो आकडा पाहिलेला असेल, तर पुढचा पुष्कळ मनस्ताप वाचतो.

प्रवेशासाठी शाळेला मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेता येत नाही, पालकांचे उत्पन्न, व्यवसाय किंवा वैवाहिक स्थिती विचारता येत नाही, आणि देणगी तर मागताच येत नाही. एडेड शाळेच्या इमारतीच्या मोठ्या खर्चाचा सुमारे 10 टक्के वाटा नियामक मंडळाला उचलावा लागतो, त्यामुळे प्रवेश झाल्यानंतर ऐच्छिक वर्गणीचे पत्र घरी येऊ शकते. ती वर्गणी खरोखरच ऐच्छिक असते आणि न दिल्याने मुलाचे काही अडत नाही.

दोन अर्ज, एक तारीख

इयर सेव्हनच्या प्रवेशासाठी ज्या कौन्सिलच्या हद्दीत आपण राहतो, तिच्याकडे एक सामायिक अर्ज भरायचा असतो. त्यात किमान तीन शाळांची नावे देता येतात, लंडनमध्ये सहा. चर्चच्या शाळेचे नाव त्यात घातले असेल आणि तिने पूरक माहितीचा अर्ज मागितला असेल, तर तो दुसरा अर्ज थेट शाळेकडे द्यावा लागतो. येथेच पुष्कळ पालक चुकतात: कौन्सिलचा अर्ज भरला की काम झाले असे समजून पूरक अर्ज राहून जातो आणि मग मूल चर्चच्या निकषात बसत असूनही शेवटच्या गटात ढकलले जाते. उलट नुसता पूरक अर्ज दिला आणि कौन्सिलच्या अर्जात शाळेचे नावच नसले, तर तो अर्ज व्यर्थ जातो. सामायिक अर्जाची अंतिम तारीख 31 ऑक्टोबर असते. पूरक अर्जाची तारीख शाळेच्या धोरणात पाहावी. निकाल 1 मार्चला किंवा त्यानंतरच्या पहिल्या कामकाजाच्या दिवशी कळतो.

शाळांचा क्रम मनातल्या खऱ्या पसंतीप्रमाणेच लावावा. आपण तिला कितव्या क्रमांकावर ठेवले, हे प्रवेश ठरवताना शाळेला सांगितले जात नाही, आणि एकापेक्षा जास्त शाळांत जागा निघत असेल तर कौन्सिल त्यांतील आपल्या सर्वांत वरच्या पसंतीची देते. म्हणून मिळणार नाही या भीतीने आवडती शाळा खाली टाकण्यात काहीच लाभ नाही. मात्र घराजवळची, मिळण्याची खात्री असलेली एखादी शाळा यादीत असावीच.

अर्जातील नावाचे रकाने भरताना आपल्याकडच्या कुटुंबांना हमखास अडचण येते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम असतो, काही पासपोर्टांवर वडिलांचे नाव मुलाच्या नावालाच जोडलेले असते, तर काहींवर ते मुळीच नसते. अर्जात पासपोर्टवर जसे आहे अगदी तसेच नाव लिहावे, कारण परीक्षेच्या प्रमाणपत्रापर्यंत तेच नाव पुढे चालते. निघण्यापूर्वी ग्रामपंचायतीकडून किंवा नगरपरिषदेकडून इंग्रजी मजकूर असलेला जन्मदाखला काढून घ्यावा, शाळेचा दाखला आणि प्रगतिपुस्तक यांचे इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून घ्यावे आणि लसीकरणाचे कार्ड सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावे.

वर्षाच्या मध्येच पोहोचणाऱ्यांसाठी

आपल्याकडून जाणारी बहुतेक कुटुंबे ऑक्टोबरची तारीख टळून गेल्यावरच तिकडे पोहोचतात. त्यांनी वर्षाच्या मधल्या प्रवेशाचा अर्ज करायचा असतो. तो कौन्सिलकडे द्यायचा की थेट शाळेकडे, हे त्या भागातील कौन्सिलच्या संकेतस्थळावर लिहिलेले असते. चिपळुणात बसून, भावी पत्त्यावर केलेला अर्ज सहसा चालत नाही. भाडेकरार हाती आल्यावरच अंतराचे गणित मांडले जाते. अर्जाचे उत्तर शाळेच्या कामकाजाच्या 15 दिवसांच्या आत देणे बंधनकारक आहे.

नकार आला तर त्या पत्रातच अपिलाची माहिती असते. अपील स्वतंत्र समितीपुढे चालते आणि ते करण्यासाठी वकील लागत नाही. त्याच वेळी प्रतीक्षायादीत नाव ठेवण्याची विनंती करावी. ही यादी धोरणातील निकषांवर चालते, अर्जाच्या तारखेवर चालत नाही. म्हणून आपल्या नंतर आलेले, पण शाळेच्या अधिक जवळ राहणारे मूल आपल्या पुढे जाऊ शकते, हे लक्षात ठेवून रोज फोन करत बसू नये. दरम्यान कौन्सिलने दिलेली दुसरी शाळा स्वीकारावी. ती स्वीकारल्याने प्रतीक्षायादीतील आपले स्थान जात नाही, आणि मूल मात्र महिनोन्‌महिने घरी बसून राहात नाही.

चर्चच्या हजेरीचा प्रश्न

सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण या बाजूच्या ख्रिस्ती कुटुंबांनी निघण्यापूर्वी एक काम आवर्जून करावे. आपल्या धर्मग्रामाच्या फादरांकडून किंवा पाळकांकडून चर्चच्या छापील कागदावर, सहीशिक्क्यासह पत्र घ्यावे आणि त्यात कुटुंब कोणत्या वर्षापासून, महिन्यातून किती वेळा उपासनेला येत होते हे स्पष्ट लिहून घ्यावे. ‘हे कुटुंब मला चांगले परिचित आहे’ एवढेच वाक्य तिथे उपयोगाचे नाही, कारण पूरक अर्जात नेमकी वारंवारिता आणि कालावधी विचारलेला असतो. अनेक धोरणांत इतर मान्य ख्रिस्ती पंथांचे सदस्यत्व ग्राह्य धरतात, त्यामुळे कॅथलिक कुटुंबांनीही आपल्याला लाभ नाही असे गृहीत धरू नये. आधीच्या गावातील हजेरी मोजण्याची तरतूद असेल तर हे पत्र मोलाचे ठरते. बाप्तिस्म्याच्या दाखल्याची प्रत सोबत असावी.

ज्या कुटुंबांचा ख्रिस्ती धर्माशी संबंध नाही, त्यांना कोणीतरी सल्ला देतेच की दोन वर्षे रविवारी चर्चला जाऊन सही मिळवा. हा सल्ला मानू नये, असे मी अगदी मनापासून सांगतो. जाणीवपूर्वक दिशाभूल करून मिळवलेली जागा काढून घेण्याचा अधिकार नियमांतच आहे, पण खरे कारण त्याहून मोठे आहे. अकरा वर्षांच्या मुलाला सारे कळते. आईवडिलांनी देवापुढे खोटे हात जोडले, हे पाहून ते जे शिकते ते कोणतीही शाळा नंतर पुसू शकत नाही. कुतूहलाने, शेजारधर्म म्हणून चर्चमध्ये जावे, तिथल्या अन्नदानाच्या कामात हात लावावा, त्यात सर्वांचेच स्वागत असते. प्रवेशासाठी मात्र खुल्या जागेतून, आपण जे आहोत ते सांगून अर्ज करावा.

शाळा स्वतः पाहणे

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शाळा संध्याकाळी पालकांसाठी खुल्या असतात. तेव्हा मुलाला घेऊन जावे. सभागृहातील मुख्याध्यापकांचे भाषण ऐकावेच, पण त्याहून अधिक लक्ष वर्ग दाखवत फिरणाऱ्या विद्यार्थ्यांकडे द्यावे. त्यांना विचारावे की नवीन आलेल्या, इंग्रजी अडखळत बोलणाऱ्या मुलासोबत जेवायला कोण बसते. ग्रंथालयात आणि विज्ञानाच्या प्रयोगशाळेत डोकवावे. स्वच्छतागृह पाहायला संकोच करू नये. गणवेशाचा कोट आणि टाय ठरावीक दुकानातूनच घ्यावे लागतात का आणि शाळेत जुन्या गणवेशाची विक्री होते का, हेही विचारावे, कारण फी नसली तरी गणवेशाचा खर्च पहिल्या महिन्यात जाणवतो. गळ्यातील ताईत, हातातील गंडा किंवा कानातील बाळी यांबाबतचा नियम आधीच समजून घ्यावा.

अशा शाळेची तपासणी दोन अंगांनी होते. ऑफस्टेड शिक्षणाचा दर्जा तपासते आणि चर्चची स्वतःची ‘सियाम्स’ नावाची तपासणी शाळेचे ख्रिस्ती ध्येय प्रत्यक्षात कसे उतरते ते पाहते. दोन्ही अहवाल सर्वांसाठी खुले असतात. 2024 च्या सप्टेंबरपासून ऑफस्टेडने सरकारी शाळांना एका शब्दात एकूण शेरा देणे बंद केले आहे, त्यामुळे आता अहवाल पूर्ण वाचणे भागच आहे. सियाम्सचा अहवाल इतर धर्मांच्या पालकांनी तर अवश्य वाचावा. वेगळ्या श्रद्धेच्या मुलांना तिथे कसे वागवले जाते, हे त्यातून पुष्कळ कळते.

प्रार्थना आणि धर्मशिक्षण

इंग्लंडमधील सर्वच सरकारी शाळांत रोज सामूहिक उपासना घेण्याचा कायदा आहे; चर्चच्या शाळेत ती अधिक मनापासून होते, एवढाच फरक. बायबलमधील एखादी गोष्ट, त्यावर शिक्षकांचे दोन शब्द, मेणबत्ती लावून थोडा वेळ शांतता आणि ज्यांना म्हणायची त्यांनी म्हणावी अशी प्रार्थना, असे तिचे सर्वसाधारण स्वरूप असते. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत परिपाठाला उभे राहणाऱ्या मुलाला हे फार वेगळे वाटणार नाही. तरीही कोणाला नको असेल, तर पालकांना लेखी कळवून मुलाला उपासनेतून आणि धर्मशिक्षणाच्या तासांतून पूर्णपणे किंवा अंशतः वगळून घेता येते आणि त्यासाठी कारण द्यावे लागत नाही. अकरावी-बारावीच्या तोडीच्या ‘सिक्स्थ फॉर्म’मधील विद्यार्थी उपासनेतून स्वतःच बाहेर राहू शकतात.

हा हक्क असला तरी तो घाईने वापरू नये, असे मला वाटते. पहिली काही आठवडे मुलाला बसू द्यावे, घरी काय ऐकले ते विचारावे आणि मग ठरवावे. धर्मशिक्षणाच्या तासाला हिंदू, इस्लाम, ज्यू, शीख, बौद्ध या परंपराही अभ्यासाव्या लागतात आणि सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेत या विषयासाठी दोन धर्मांचा अभ्यास आवश्यक असतो. आपल्या घरातील देवपूजेविषयी वर्गात बोलण्याची वेळ येते, तेव्हा कोकणातल्या मुलाजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते. ते त्याला सांगता यावे म्हणून घरी मराठीतून बोलणे चालू ठेवावे. मराठीची जीसीएसई परीक्षा नाही, त्यामुळे ती जबाबदारी शाळा घेणार नाही.

सुट्ट्या आणि गावी येणे

शाळेचे वर्ष सप्टेंबरमध्ये सुरू होऊन जुलैत संपते, आणि शाळा चालू असताना गावी येण्यासाठी रजा जवळजवळ मिळत नाही. दहा आठवड्यांच्या काळात पाच दिवसांइतकी विनापरवानगी गैरहजेरी झाली, तर दंडाचा विचार होतो. तो प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला 80 पौंड असून 21 दिवसांत न भरल्यास 160 पौंड होतो. गणेशचतुर्थी 2026 मध्ये 14 सप्टेंबरला, म्हणजे वर्ष सुरू होताच येते. त्या एका दिवसासाठी धार्मिक सण म्हणून मुख्याध्यापकांकडे आगाऊ लेखी अर्ज करावा. चर्चच्या शाळा सणाचे महत्त्व सहसा समजून घेतात, पण पाच किंवा दहा दिवसांचा गणपती गावी येऊन करणे त्यात बसणार नाही.

मे महिन्याची आंब्यांची सुट्टीही तिकडे नसते. मोठ्या मुलांच्या जीसीएसई परीक्षा नेमक्या मे-जूनमध्येच असतात. कोकणात यायचे तर जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंतचे साधारण सहा आठवडे आपले. शाळेचे वेळापत्रक संकेतस्थळावर बरेच आधी लागते. ते पाहूनच विमानाची तिकिटे काढावीत, आणि परतीचे तिकीट काढताना सप्टेंबरच्या पहिल्या दिवसाआधी मुलाला दोन-तीन दिवसांची झोप मिळेल, अशा बेताने काढावे.